नारळ उभा राहिला आणि पाणीही लागलं, मग बुद्धीचं काय करायचं?

विचारणारे पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतात. शेती मोहोळ तालुक्यात, बारा एकर. आधी सर्वेक्षकाकडून यंत्राने जागा काढून घेतली, तिथं बोअर ३२० फुटांपर्यंत कोरडी गेली. मग वडिलांनी पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा माणूस, आणला. त्याच्या तळहातावरचा नारळ एका ठिकाणी उभा राहिला, तिथं बोअर मारली आणि २१० फुटांवर अडीच इंच पाणी लागलं. ते लिहितात, ‘हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मग विज्ञानावर, आपल्या बुद्धीवर भरवसा ठेवायचा कसा? आणि दुसऱ्या बोअरसाठी आता कुणाला बोलवू?’

सोलापूर जिल्ह्यात बोअरच्या जागा काढून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता येईल. पण पहिल्या प्रश्नावर मला थांबायचं आहे. आपल्या भागातल्या शेतकऱ्याचा पैसा कोरड्या खडकाने बुडवला त्याहून जास्त विचार करण्याच्या ठरावीक खोडींनी बुडवला, असं माझं ठाम मत झालं आहे. आणि या खोडी अडाण्यांच्या नाहीत. शिकलेल्या माणसात त्या जास्त पक्क्या असतात, कारण त्याला कारणं चटकन सुचतात.

तुम्ही बघितलं ते खोटं नाही. नारळ उभा राहिला हे खरं, पाणी लागलं हेही खरं. पहिल्यामुळे दुसरं झालं का, एवढाच मुद्दा आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते हे आपण लहानपणापासून ऐकतो, जुन्या तर्कपंडितांनी त्याला काकतालीय न्याय असं नावही दिलं. पण स्वतःच्या शेतात फांदी मोडते तेव्हा कावळ्याकडेच बोट जातं.

आधी खाली काय आहे ते बघू. आपला जिल्हा जवळजवळ सगळा काळ्या पाषाणावर बसला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, तोच हा बेसॉल्ट. प्रत्येक थराचा वरचा भाग भोकाभोकांचा, लवकर झिजणारा, त्याला आपण मांजऱ्या म्हणतो. खालचा भाग घट्ट. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे तांबडा गेरू सापडतो. पाणी साठतं ते झिजलेल्या मुरुमात, मांजऱ्यात, भेगांमध्ये आणि थर जिथं एकमेकांना टेकतात तिथं. जमिनीखाली नदीसारखा झरा वाहतो आणि तो नेमका गाठायचा असतो, ही समजूत सगळीकडे आहे, पण आपल्या खडकात तसं चित्र नसतं. वरच्या शंभर-दीडशे फुटांत बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी असतंच. त्याखाली भेग भेटली तर पाणी, नाही तर दहा फूट सरकून मारलेली बोअरही कोरडी.

यातून एक गोष्ट निघते आणि ती फार थोडे लोक विचारात घेतात. पाणाड्या किती वेळा बरोबर ठरला हे विचारण्याआधी, डोळे मिटून बोअर मारली असती तर किती वेळा पाणी लागलं असतं, हे विचारायला हवं. समजा तुमच्या शिवारात ओढ्याच्या कडेला दहातल्या सहा बोअरना काहीतरी पाणी लागतं. मग तिथं नुसता दगड भिरकावून तो पडेल तिथं बोअर मारणाराही दहातल्या सहा वेळा बरोबर ठरणार. त्याला कुणी दक्षिणा देणार नाही, एवढाच फरक.

हेच गणित जरा पुढे नेऊ. दहाला सहा या हिशोबाने एकाच माणसाच्या लागोपाठ पाच बोअरना पाणी लागण्याची शक्यता आठ टक्क्यांच्याही आत येते. म्हणजे अवघड. पण समजा तालुक्यात असे वीस पाणाडे आहेत आणि एकालाही खालचं काही कळत नाही. तरी त्या विसांपैकी निदान एकाच्या पाचही बोअरना पाणी लागेल, याची शक्यता जवळपास ऐंशी टक्के निघते. करून बघा, तुमच्या धंद्यातलंच गणित आहे. आता गाव कुणाचं नाव घेणार? त्या एकाचं. बाकीचे एकोणीस कुठे गेले कुणी विचारत नाही. त्या एकाच्या घरापुढे गाड्या लागतात. त्याने लबाडी केलेली नसते. त्याला स्वतःलाही मनापासून वाटतं की आपल्या हातात काहीतरी आहे. कुणी सांगतो मी पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला आहे, कुणी सांगतो माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे म्हणून नारळ उभा राहतो. हा रक्तगट आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणाऱ्या गटांपैकी एक आहे, त्यामुळे हा गुण खरा असता तर गल्लीतल्या जवळपास दर तिसऱ्या माणसाला पाणी दिसलं असतं.

मग नारळ उभा राहतो तो कशाने? तळहात सपाट धरून नारळ त्यावर आडवा ठेवलेला असतो, शेंडी बोटांकडे. ही स्थिती अगदी डळमळीत असते. तळव्याचा कोन किंचित बदलला, एक बोट जरा वर झालं, की नारळ हलतो. कडुलिंबाची दुबेळकी, म्हणजे दोन फाट्यांची काडी धरतात तिचंही तसंच. दोन्ही टोकं ताणून धरलेली, मनगट केसभर वळलं की काडी खाली झुकते. आणि हे वळणं माणसाला स्वतःला जाणवत नाही. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३३ साली हे लिहून ठेवलं आहे. पाऱ्यावर लोलक धरला की तो आपोआप झुलतो, असं त्याच्या काळी मानत. त्याने स्वतः धरून बघितला, आणि खरंच झुलला. मध्ये काच सरकवली तर थांबला. एवढ्यावर बहुतेकांनी सिद्धान्त मांडला असता. त्याने डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली आणि काच कधी सरकवायची ते दुसऱ्यावर सोडलं. मग काच असण्या-नसण्याचा काहीच परिणाम उरला नाही. हात त्याचाच हलत होता, आणि हलतोय हे त्याला कळत नव्हतं. पुढे १८५२ मध्ये कार्पेंटर या इंग्रज वैद्याने या प्रकाराला शास्त्रीय नाव दिलं. तुम्ही घरी करून बघा. दोऱ्याला अंगठी बांधा, कोपर टेबलावर टेकवा, हात स्थिर धरा आणि मनात फक्त म्हणा की ही गोल फिरावी. बऱ्याच जणांच्या हातात ती थोड्या वेळात फिरू लागते.

पाणाड्याच्या हाताला विचार कुठून मिळतो, हा पुढचा प्रश्न आहे, आणि इथं मी त्याच्या बाजूने बोलणार आहे. जुना पाणाड्या शिवारात हिंडलेला असतो. उतार कुठे, ओढा कुठून वळतो, मे महिन्यात कुठल्या बांधावरची हरळी हिरवी राहते, उंबर-जांभूळ कुठे तग धरतात, शेजाऱ्याला किती फुटांवर लागलं, हे सगळं त्याच्या नजरेत असतं. वराहमिहिराने सहाव्या शतकात झाडं आणि वारुळं यांवरून भूजल ओळखण्याच्या खुणा लिहून ठेवल्या, ती निरीक्षणाचीच परंपरा आहे. जमीन वाचणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल मला आदर आहे. अडचण एवढीच की श्रेय त्याच्या नजरेचं असतं आणि ते नारळाला मिळतं. मग त्याचा मुलगा नारळ तेवढा शिकतो, शिवार शिकत नाही.

नजर बाजूला काढून नुसत्या काडीची परीक्षा झाली आहे. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये एका दुमजली कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाड्यावर ठेवून तो हवा तिथं सरकवत आणि वरच्या मजल्यावर पाणाडे चालत. आधीच्या चाळणीतून निवडलेले ४३ जण होते, एकूण ८४३ चाचण्या झाल्या. बहुतेकांना काहीच जमलं नाही. प्रयोग करणाऱ्यांनी सहा जणांत खास गुण दिसल्याचा दावा केला. पुढे एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्या सहांचे निकालही नशिबाने पडावेत तसेच निघाले. मला इथं एक गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रयोग करणारे भौतिकशास्त्राचे लोक होते, बुद्धी कमी नव्हती. पण ४३ जणांतून सगळ्यांत चांगले सहा निवडले की ते सरासरीपेक्षा चांगले दिसणारच. वीस पाणाड्यांचं गणित तेच आहे.

आता यंत्राकडे येतो. तुमच्या पहिल्या बोअरचं दुःख मला कळतं. आम्ही काय करतो ते साध्या भाषेत सांगतो. जमिनीत चार खुंट्या ठोकतो, बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडतो, आतल्या दोन खुंट्यांमधला विजेचा दाब मोजतो. बाहेरच्या खुंट्या लांब लांब नेत गेलं की जास्त खोलीचा अंदाज येतो. ओला मुरूम विजेला कमी अडवतो, घट्ट पाषाण जास्त अडवतो. बस. यंत्राला पाणी दिसत नाही, खडक विजेला किती अडवतो ते दिसतं. गेरूही विजेला कमी अडवतो, खाऱ्या पाण्याने भिजलेली माती तर आणखी कमी. शिवाय खोल जाईल तसं चित्र धूसर होतं, दोनशे फुटांखालची एखादी बारीक भेग यंत्राच्या नजरेतून सहज निसटते. म्हणून जो सर्वेक्षक ‘शंभर टक्के पाणी’ म्हणतो त्याच्यावर आणि पाणाड्यावर सारखाच अविश्वास ठेवावा. यंत्राने शक्यता वाढते, हमी मिळत नाही. पाणी बऱ्यापैकी लागणाऱ्या शिवारात ही वाढ एका बोअरवरून कळूच शकत नाही. तुम्ही एक बोअर इकडची आणि एक तिकडची घेऊन निकाल लावला. दोन बोअरवर निकाल लावणं म्हणजे टॉसवर निकाल लावणं.

त्यातून तुमच्याकडे सगळी माहिती आलेलीच नाही. नारळ उभा राहिला आणि पाणी लागलं, ही एक नोंद. नारळ उभा राहिला आणि कोरडी गेली, अशाही नोंदी गावात असतात, पण त्यांची कारणं तयार असतात: बोअरच्या गाडीवाल्याने जागा दोन फूट सरकवली, झरा फिरला, कुणाचा तरी विटाळ झाला. आणि नारळ आडवाच राहिला त्या जागेवर कुणी बोअर मारत नाही, म्हणून ती नोंद कोरीच. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि यामागचा नियम शोधा म्हणून सांगितलं. स्वतःचे आकडे सुचवायचे, तो नियमात बसतं की नाही ते सांगणार. बहुतेकांना वाटलं की दोन-दोनने वाढणारे आकडे हवेत. त्यांनी ८, १०, १२ असं विचारलं, ‘हो’ ऐकलं आणि खूश झाले. खरा नियम होता चढत्या क्रमाचे कोणतेही तीन आकडे. १, २, ३ विचारून आपला अंदाज मोडून बघावा, हे फार थोड्यांना सुचलं. पाणाड्याला आपण नेहमी पाण्याची जागा विचारतो. ‘जिथं पाणी नाही अशी एक जागा दाखवा’ असं कुणी त्याला म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

आता ज्या खोडीने सगळ्यांत जास्त घरं कर्जात घातली तिच्याकडे येतो. ती ना पाणाड्याची, ना यंत्राची. ती बोअरच्या गाडीजवळ उभ्या असलेल्या मालकाची.

तामिळनाडूची गाडी रात्री शेतात लागते. कॉम्प्रेसरच्या आवाजात शेजारी माणूस ओरडून बोलतो. प्रत्येक दहा फुटांची भुकटी गाडीवाला ओळीने ढीग करून ठेवतो. पहिले ढीग पिवळट, मग तांबूस, मग करडे. करड्या भुकटीत ओल आली की तिचे गोळे होतात, तेव्हा सगळे पुढे सरकतात. १८० फुटांपासून सगळे ढीग एकसारखे, काळे, कोरडे, पिठासारखे उडणारे. ३०० फूट होतात. इथून पुढे फुटाचा दर वाढतो. एजंट विचारतो, ‘काय करायचं मालक?’ म्हातारा म्हणतो, ‘एवढं घातलंय, अजून पन्नास मार.’ साडेतीनशेला थोरला म्हणतो, ‘इथवर आलोय तर चारशे होऊ दे.’ चारशेला शेजारी सांगतो की अमक्याला ४२० ला लागलं होतं. पाचशे होतात तेव्हा उजाडलेलं असतं आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

या प्रसंगातलं प्रत्येक वाक्य समजण्यासारखं आहे, म्हणूनच ते घातक आहे. तीनशे फुटांचे पैसे गेले. थांबलात तरी गेले, मारत राहिलात तरी गेले. उरलेला प्रश्न एकच: पुढच्या शंभर फुटांत पाणी लागण्याची शक्यता किती आणि त्याला खर्च किती? आपल्या खडकात खोल जाईल तसं झिजणं कमी होतं, भेगा दाबल्या जातात, म्हणजे शक्यता घटत जाते. आणि त्याच वेळी दर वाढत जातो. सव्वाशे फूट एकच काळी भुकटी येत असेल तर खडक स्वतः सांगतोय की इथं काही नाही. पण ‘इतकं घातलंय, आता लागायलाच पाहिजे’ असं मन म्हणतं, जणू खडकाला आपल्या कर्जाची कल्पना आहे. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटर, म्हणजे साधारण दोनशे फूट, ही खोल विहिरीची रेषा मानली आहे. ती रेषा केव्हाच मागे पडली असून गावोगाव पाचशे-सहाशे फुटांच्या गोष्टी चालतात.

बोअरचं पाणी ज्या इंचात सांगतात त्या इंचाबद्दलही बोलायला हवं, कारण इथं शिकलेले लोक हमखास चुकतात. नव्वद अंशाच्या खाचेतून पाणी किती उंचीने वाहतं त्यावर इंच मोजतात. एक इंच म्हणजे तासाला साधारण पाचशे लिटर. दोन इंच म्हणजे हजार नाही, जवळपास २,९००. अडीच इंच म्हणजे ५,००० च्या आसपास. खाच वर रुंद होत जाते, म्हणून पाणी इंचाच्या प्रमाणात वाढत नाही, कितीतरी पटीने वाढतं. त्यातून गाडीवाला खाच लावत नाही, डोळ्यांनीच इंच सांगतो, आणि तो आकडा असतो साठलेलं पाणी हवेच्या दाबाने उपसलं जात असतानाचा. नजरेच्या अर्ध्या इंचाच्या चुकीत निम्मं पाणी कमीजास्त होतं.

आणि या सगळ्याच्या वर एक मोठी खोड आहे. पाणी कुठे आहे, हे विचारण्यात आपण इतके गुंततो की पाणी आहे किती, हे विचारायचं राहून जातं. सोलापुरात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. एकरावर पडलेला हा पाऊस साधारण बावीस लाख लिटर होतो. बेसॉल्टमध्ये त्याचा ठोकळमानाने दहावा हिस्सा खाली मुरतो असं धरा, म्हणजे सव्वादोन लाख. तुमच्या बारा एकरांत मिळून सत्तावीस लाखांच्या आत. अडीच इंचाची बोअर रोज आठ तास चालवली तर दिवसाला चाळीस हजार लिटर उपसा होतो. भागाकार करा: सदुसष्ट दिवस. वर्षभरात तुमच्या जमिनीत मुरलेलं पाणी सव्वादोन महिन्यांत संपतं. त्यानंतर तुम्ही उपसता ते शेजाऱ्याच्या वाट्याचं किंवा मागच्या वर्षांच्या शिलकीतलं. एक एकर उसाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर, म्हणजे साठ लाख ते एक कोटी लिटर पाणी लागतं. शेजारीही हाच विचार करतो, त्याची बोअर तुमच्याहून पन्नास फूट खोल जाते, पुढच्या वर्षी तुमची त्याच्याहून खोल. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणा असतो आणि सगळ्या शिवाराचा मिळून वेडेपणा होतो. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात इथं तलाव खोदून घेतला. त्यात पाऊस साठवायचा विचार होता. आपण त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला दर जानेवारीत जातो, आणि गावी परतून सहाशे फुटांची बोअर मारतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

तर दुसरी बोअर. माझा सल्ला असा की या वर्षी मारूच नका. पाणी लागलेल्या बोअरजवळ दुसरी मारली तर बहुधा दोन्ही मिळून एकाच साठ्यातून पाणी ओढतील. कोरड्या गेलेल्या ३२० फुटांच्या बोअरमध्ये एक टँकर ओतून बघा. पाणी भराभर उतरलं तर खाली कुठेतरी वाट आहे, मग शेतातलं पावसाचं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून तिथं सोडता येईल. गढूळ पाणी थेट सोडू नका, भेगा बुजतात. दिवसभर पाणी तसंच उभं राहिलं तर तो नाद सोडा आणि शेततळ्याचा विचार करा.

तरीही मारायचीच ठरली तर वडिलांना दुखवू नका, त्यांना पाणाड्याला बोलवू द्या. फक्त त्याला एक विनंती करा. एकदा उघड्या डोळ्यांनी जागा दाखवा, मग डोळ्यांवर उपरणं बांधून, दुसऱ्या बांधाकडून हात धरून चालवत नेऊ, तेव्हाही नारळ त्याच जागी उभा राहतो का बघू. यात कुणाचा अपमान नाही, पैसा लागत नाही, आणि वडील स्वतः बघतील. सर्वेक्षकालाही सूट देऊ नका. किती फुटांवर काय लागेल, आणि कुठला खडक लागला तर त्याचा अंदाज चुकला असं समजायचं, हे त्याच्याकडून आधी लिहून घ्या. घरात बसून, दिवसा, गाडी येण्याच्या आधी एका कागदावर ठरवा की किती फुटांवर थांबायचं, आणि तो कागद तुमच्या आईकडे द्या. रात्री गाडीजवळ कुणी कितीही म्हणालं तरी निर्णय त्या कागदाचा.

आणि आत्ता लागलेलं पाणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा मोजा. मोटर सलग चार तास चालू ठेवा, मग दोनशे लिटरचा बॅरल पाइपाखाली धरा. अडीच मिनिटांत भरला तर अडीच इंच खरोखर टिकलं आहे. दहा मिनिटं लागली तर तासाला बाराशे लिटर पाणी आहे, आणि किती एकरावर काय लावायचं ते त्या आकड्यावर ठरवा.